दोन्ही बुटांची झीज

प्रमोदिनीताईंनी बूट नाकापाशी नेला तेव्हा एल्रॉयने चमकून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण असाच बघतो. मी त्याला डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं. ताईंनी वास घेतला, बूट उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला, तळावरून अंगठा फिरवला. मग दुसरा घेतला. मग पुन्हा पहिला.

"वडिलांचे म्हणालास ना?"

"हो मॅडम. सेबॅस्टियन तुस्कानो, सांडोरचे."

"सेबॅस्टियन कोण ते मला ठाऊक आहे. हे बूट त्यांचेच, असं तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? घरातच होते. मम्मीच्या कपाटात."

"घरात सापडलेली प्रत्येक वस्तू घरच्याच माणसाची असते असं नाही," ताई म्हणाल्या आणि बूट टेबलावर ठेवले. हळूच ठेवले, पण स्वतःपासून जरा लांब सरकवून. त्या सरकवण्याचा अर्थ मला माहीत होता.

प्रमोदिनी सावे म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या ताई. एव्हरशाईन सिटीत आम्ही राहायला आलो तेव्हापासूनची ओळख. माणिकपूरला एका विमा कंपनीच्या कार्यालयात त्या दाव्यांची छाननी करतात. कुणाचं दुकान जळालं, कुणाची गाडी चोरीला गेली, की कागद त्यांच्याकडे येतात आणि खरं किती, खोटं किती ते त्या शोधतात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या थापा वाचल्यावर माणसाचा स्वभाव कसा होईल, तसाच त्यांचा झाला आहे. वॉचमनने हसून नमस्कार केला, तरी त्या जिन्यात मला विचारतात, "आज हा इतका गोड का बोलतोय गं?" सुरुवातीला मी त्यांच्याकडे वाटीभर काही घेऊन गेले की त्या आधी वाटीकडे बघायच्या, मग माझ्याकडे. त्यांचे यजमान जगन्नाथराव यावर एकदा म्हणाले होते, "मीरा, मनाला लावून घेऊ नकोस. लग्नाआधी माझा शाळा सोडल्याचा दाखलासुद्धा हिने उजेडात धरून पाहिला होता."

पण त्यांच्या घरातली एक खोली बाहेरच्या फार कमी लोकांना माहीत आहे. तिथे भिंतीला लागून लोखंडी मांडण्या आहेत आणि मांडण्यांवर सुती पिशव्यांमध्ये बास्केटबॉलचे बूट. नवे नाहीत, वापरलेले, फाटलेले, घामाने काळे पडलेले. वसईच्या दमट हवेत जुन्या बुटांचा गोंद सुटतो, तळ भुसभुशीत होऊन हातात येतो, म्हणून त्या खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र घुरघुरत असतं. खेळाडूने सामन्यात प्रत्यक्ष घातलेले बूट, एवढंच त्यांना हवं असतं. नुसते त्याच्या मालकीचे असून भागत नाही. घालून तो मैदानात उतरला होता, हे सिद्ध व्हायला हवं.

शाळेत असताना ताई स्वतः चांगल्या खेळायच्या. गुडघा गेला आणि खेळ सुटला. पुढे रेल्वेकडून खेळणाऱ्या एका बाईंनी निवृत्तीनंतर घर आवरताना आपले बूट त्यांना दिले. ते पाहता पाहता ताईंच्या लक्षात आलं की बुटात अख्खा माणूस उमटलेला असतो. कुठे वळायचा, कुठल्या पायावर उडी घ्यायचा, दुखणं कुठे होतं, सगळं. तिथून हा नाद लागला. आता देशभरातले संग्राहक त्यांना बुटांचे फोटो पाठवतात आणि विचारतात, हे खरे का? सामन्याच्या जुन्या छायाचित्रातल्या बुटाची एकेक सुरकुती, लेसच्या ओवणीतली चूक, टोकावरचा ओरखडा त्या समोरच्या बुटाशी ताडून बघतात. जुळलं तर खरं. नाहीतर नाही.

फसवणारेही पुष्कळ. एकाने मोठ्या खेळाडूचे म्हणून आणलेले बूट चहाच्या पाण्यात बुडवून जुने केलेले होते. त्याने तळही घासले होते, कुठल्याशा सिमेंटच्या कट्ट्यावर. ताईंनी ते हातात घेतले आणि लगेच परत दिले. का, असं मी विचारल्यावर म्हणाल्या, "दोन्ही सारखेच झिजलेत. माणूस दोन्ही पायांवर सारखा कधीच खेळत नाही. उजव्या हाताचा खेळाडू चेंडू घेऊन डाव्या पायावर गिरकी घेतो. त्यामुळे डाव्या बुटाच्या चवड्याखाली गोल चकती पडते. डावखुऱ्याची उजव्या बुटाला पडते. दोन्हींना पडली, तर ती पायाने पडलेली नाही, हाताने पाडलेली आहे."

एल्रॉयने आणलेल्या बुटांच्या दोन्ही तळांवर चवड्याखाली तशी गोल चकती होती.

सेबॅस्टियन तुस्कानो म्हणजे वसईच्या बास्केटबॉलमधलं मोठं नाव. सांडोरच्या केळीच्या वाड्यांमधून आलेला हा पोरगा राज्याच्या संघात गेला, त्या जोरावर रेल्वेत नोकरी मिळवून स्थिरस्थावर झाला. वारला त्याला फार दिवस झाले नव्हते. गावातल्या मैदानाशेजारी क्लबची नवी खोली बांधून झाली होती आणि तिच्यात काचेच्या कपाटात त्याचे बूट ठेवायचे ठरलं होतं. तेवढ्यात कमिटीतलंच कुणीतरी कुजबुजलं, एवढे जुने बूट आतापर्यंत कसे टिकले? पोराने कुठून तरी आणले असतील, म्हणजे बापाबरोबर त्याचंही नाव भिंतीवर लागेल. म्हणून एल्रॉय ताईंच्या शब्दासाठी आला होता.

ताईंनी शब्द दिला नाही. उलट सरळ विचारलं, "तळ कुणी घासले?"

"काय?"

"हे बूट कुणीतरी घासलेत. तू नसशील, तर दुसऱ्या कुणी."

एल्रॉय उभाच राहिला. तिशीचा उंचापुरा तरुण, पण आवाज कापरा झाला. "मॅडम, तुम्ही मला चोर म्हणताय?"

"मी काहीच म्हणत नाही. बूट ठेवून जा. मला अजून पाहायचेत."

"आणि तुम्हीच बदलले तर?"

ताईंच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं. संशय घेणारा माणूस भेटला की त्यांना बरं वाटतं. त्यांनी त्याला मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून घ्यायला सांगितलं. फोटो काढून तो निघून गेला. जाताना मला "येतो आंटी" म्हणाला, त्यांना काहीच म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी ताईंनी मला बोलावलं. टेबलावर दोन्ही बूट उघडून ठेवलेले होते. आतले तळवे, म्हणजे पायाखालचे सुटे अस्तर, काढून शेजारी ठेवले होते. जाड भिंग माझ्या हातात देत म्हणाल्या, "तू बघ. मी सांगत नाही, तुला काय दिसतं ते सांग."

मला आधी नुसताच काळपट डाग दिसला. मग हळूहळू बोटांचे खळगे दिसायला लागले. अंगठ्याचा खळगा, दुसऱ्या बोटाचा. आणि त्यांच्याच बाजूला, जरा बाहेरच्या अंगाला, आणखी एक अंगठा.

"दोन अंगठे आहेत," मी म्हटलं.

"हं. एक पाय अरुंद, दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. दुसरा पाय रुंद, बोटं फाकलेली. रुंद पायाने बाहेरची शिवण करंगळीपाशी उसवलीये. मग कुणीतरी ती जाड काळ्या दोऱ्याने शिवून घेतली." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "घासणारा माणूस बोटांचे ठसे करू शकत नाही, मीरा. हे बूट खोटे नाहीत. दोघांनी घातलेत."

"मग तुम्ही एल्रॉयला उगाच—"

"उगाच नाही. अजून संपलेलं नाही," असं म्हणून त्यांनी एक छायाचित्र पुढे सरकवलं.

जुन्या आंतरजिल्हा स्पर्धेच्या स्मरणिकेतलं होतं ते. अकरा नंबरचा एक मुलगा डाव्या हाताने चेंडू टाकतोय, दोन्ही पाय जमिनीपासून वर. बुटाच्या बाहेरच्या बाजूला काळ्या दोऱ्याची शिवण स्पष्ट दिसत होती.

"हा सेबॅस्टियन नाही," ताई म्हणाल्या. "सेबॅस्टियनचा नंबर सात, आणि तो उजव्या हाताने खेळायचा. हा जेन्सन मच्याडो. त्याच गावचा. आम्ही शाळेतल्या मुली त्या वेळी सामने बघायला जायचो. सगळ्यांना माहीत होतं, या दोघांचं पटत नाही. दोघं एका वेळी मैदानात कधीच नसायचे. एक उतरला की दुसरा बाकावर. कोचने मुद्दाम तसं ठेवलंय, एकत्र खेळले तर मारामारी करतील, असं लोक म्हणायचे. मग राज्याच्या शिबिराला दोघांचीही निवड झाली. सेबॅस्टियन गेला. जेन्सन गेला नाही, आणि त्यानंतर कधी खेळलाही नाही." त्यांनी टेबलावरच्या बुटांकडे बोट केलं. "आता हे बूट कुणाच्या कपाटात निघाले?"

मला कळलं त्यांचं डोकं कुठे धावतंय ते. "ताई, मेलेल्या माणसावर चोरीचा आळ घ्यायचा?"

"मी आळ घेत नाही. मी विचारते आहे की शिबिराच्या ऐन तोंडावर एका खेळाडूचे बूट दुसऱ्याकडे गेले कसे?"

त्या दुपारी आम्ही दोघी रिक्षा करून सांडोरला गेलो, आधी ज्युलीबाईंकडे. ज्युली म्हणजे सेबॅस्टियनची बायको, एल्रॉयची आई. अंगणात माठाच्या भाजीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मुलाने घरी सगळं सांगितलं असणार, कारण त्यांनी आम्हाला बसा म्हटलं पण खुर्ची दिली नाही. आम्ही पायरीवर बसलो.

"माझ्या नवऱ्याचे बूट मी ओळखणार नाय?" त्यांनी सुरुवातच केली. "लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. तो ते कुणाला हात लावू द्यायचा नाय. वर्षातनं एकदा उन्हात ठेवायचा, पुसायचा, परत कपाटात. घातले मात्र कधीच नाय. मी विचारलं, एवढं जपतो तर घाल ना? तर म्हणायचा, ते नुसते माझे नायत."

ताई एकदम सावध झाल्या. "असं म्हणायचे? मग कुणाचे?"

"देवाचे असतील. मी कशाला विचारू?"

"जेन्सन मच्याडोचे असू शकतील?"

ज्युलीबाईंचे हात थांबले. घरात शिरून त्यांनी एल्रॉयला त्यांच्या घरच्या बोलीत भराभर काहीतरी सांगितलं. ते मला नीट कळलं नाही, पण सूर कळला. मग बाहेर येऊन आमच्याशी आमच्यासारख्या मराठीत बोलल्या. "त्या माणसाचं नाव या घरात घेत नाहीत. माझा नवरा त्याला रस्त्यात पाहिला की सायकल वळवून दुसऱ्या वाटेने जायचा. दफनाच्या दिवशी तो चर्चच्या फाटकापर्यंत आला होता. मीच एल्रॉयला सांगितलं, त्याला आत येऊ देऊ नको. त्याने माझ्या नवऱ्याचं काय वाईट केलं मला माहीत नाही, पण काहीतरी केलं असणार. नाहीतर माणूस असं तोंड चुकवत नाही."

रस्त्यावर आल्यावर ताई म्हणाल्या, "तोंड कोण चुकवतं, मीरा? ज्याच्यावर अन्याय झाला तो, की ज्याने केला तो?"

आमच्या कार्यालयातही कुणी कुणाला चुकवत असेल तर कारण आपल्याला वाटतं तेच नसतं, हे मला माहीत होतं. पण त्यांच्यापुढे ते बोलून काही उपयोग नव्हता.

जेन्सनचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, केळींच्या आत. तो एका कारखान्यातून निवृत्त होऊन आता वाडी बघत होता. रुंद बांध्याचा, पांढऱ्या केसांचा माणूस. पाटाचं पाणी वळवत होता. पायात काही नव्हतं. ताईंची नजर त्याच्या पायांवर गेलेली मी पाहिली. बोटं फाकलेली होती.

"कुणी पाठवलंय तुम्हाला?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. मी जुने बूट तपासते."

"माझ्याकडे जुने बूट नाहीत."

"तुमच्याकडे नसतील. सेबॅस्टियनच्या घरी आहेत."

तो पुन्हा पाण्याकडे वळला. "मग तिकडे विचारा."

"तुम्ही घातलेत ते."

"मी असले बूट कधीच घातले नाहीत."

ताईंनी पर्समधून छायाचित्र काढून त्याच्यासमोर धरलं. त्याने ओले हात पॅन्टला पुसले, फोटो घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग म्हणाला, "फोटो आहे हे मला माहीत नव्हतं. आम्ही लय काळजी घ्यायचो."

"कसली काळजी?"

"कुणाला कळू नये याची."

त्याने आम्हाला ओट्यावर बसवलं. पाणी आणून दिलं. ताईंनी ते हातात धरूनच ठेवलं, प्यायल्या नाहीत. पण त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. जेन्सन बोलत गेला.

त्या काळात गावातली पोरं कापडी बुटांवर नाहीतर अनवाणीच सिमेंटच्या मैदानावर खेळायची. बोटीवर काम करणाऱ्या एका शेजाऱ्याने परदेशातून खऱ्या बास्केटबॉलच्या बुटांचा एक जोड आणला. जेन्सन आणि सेबॅस्टियन दोघांनाही तो हवा होता, पण एकट्याला परवडण्यासारखा नव्हता. दोघांनी उन्हाळाभर केळीचे घड ट्रकमध्ये भरायचं काम केलं आणि तो जोड दोघांत मिळून घेतला. अर्धा माझा, अर्धा तुझा.

"पण एका वेळी दोघं कसे घालणार?" तो म्हणाला. "म्हणून एक खेळायचा, दुसरा बाकावर. मधल्या सुट्टीत भिंतीआड जाऊन बूट बदलायचे. घामाने चिंब झालेले असायचे. कोचला आम्ही सांगितलं की आमचं एकमेकांशी पटत नाही, आम्हाला एकत्र उतरवू नका. एका बुटावर दोघं खेळतात म्हटलं असतं तर सगळे हसले असते. आमच्या वयाला भांडण शोभत होतं, गरिबी शोभत नव्हती."

मी ताईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"मग शिबिराची यादी आली," जेन्सन पुढे म्हणाला. "दोघांचीही नावं. तिथे भिंतीआड बदलता येणार नव्हतं. आम्ही नाणं उडवलं. मी जिंकलो. पण माझ्या बाबांना तेव्हा अर्धांगाचा झटका आला होता. वाडी कोण बघणार? निघायच्या दिवशी सकाळी मी बूट सेबॅस्टियनच्या दारात ठेवले आणि परत आलो. तो उठायच्या आत. हाक मारली असती तर त्याने घेतले नसते."

"मग त्यांचा राग कशाचा?" मी विचारलं.

"राग नाही हो. लाज. त्याला संघ मिळाला, नोकरी मिळाली. सुट्टीत आला तेव्हा मी वाडीत पाणी वळवत होतो. त्याने मला पाहिलं आणि वाट बदलली. मला वाटलं, येईल उद्या. नाही आला. तोपर्यंत मी रागावलो नव्हतो. तो आला नाही म्हणून मग रागावलो. मग दोघंही म्हातारे झालो."

मला वाटलं, झालं. पण ताई म्हणजे ताई. परतताना वाडीच्या बांधावर थांबल्या आणि म्हणाल्या, "गोष्ट छान आहे. छान गोष्टींचीच मला भीती वाटते. जो माणूस हयात नाही, त्याच्या नावावर काहीही सांगता येतं. फोटोने एवढंच सिद्ध होतं की याने ते घातले. चोरीला गेले की दिले, ते बूट सांगत नाहीत."

"आता आणखी काय सांगायला हवं त्याने?"

"एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तुलाही नाही."

मला राग आला. इतका जवळचा शेजार, आणि मलाही नाही. पण त्या तशाच आहेत. दावा तपासताना एक खूण त्या स्वतःपाशी ठेवतात. खऱ्याने ती न विचारता सांगावी, हा त्यांचा नेम.

त्यांनी एल्रॉयला फोन करून सांगितलं की पुढच्या रविवारी बूट घेऊन येते आणि माझ्याबरोबर जेन्सनही येईल. पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. ताईंनी फोन कानापासून लांब धरला आणि तो शांत झाल्यावर म्हणाल्या, "तुझ्यावर मी जो संशय घेतला तो चुकीचा होता. तळ कुणी घासलेले नाहीत. तुझ्या आईला एवढं सांग." त्या कधी कुणाला 'चुकले' म्हणाल्याचं मला आठवत नाही. हा त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रकार.

रविवारी चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, झाल्यावर आम्ही ज्युलीबाईंकडे गेलो. जेन्सन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, पण अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. ज्युलीबाई दारात. मधे टेबलावर पिशवीत बंद बूट. एल्रॉय हाताची घडी घालून भिंतीला टेकलेला. त्या अंगणात कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता.

जेन्सनने वाडीत सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, या वेळी तुटक तुटक. ज्युलीबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुरावा काय? आज तो हो म्हणायला नाय, नाय म्हणायलाही नाय."

"पुरावा माझ्याकडे काही नाही," जेन्सन म्हणाला. तो जायला वळला. मग वळता वळता, कुणाला उद्देशून नाही, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "डावा लय चावायचा. टाचेला. सेबॅस्टियनला कधी नाही चावला, मलाच. रक्त यायचं. माझ्या आईने तिच्या जुन्या पाकिटाचं चामडं कापून आत चिकटवलं होतं. लाल चामडं. तिने ते भाताच्या खळीने चिकटवलेलं, दोन दिवसांत सुटलं, मग सेबॅस्टियनने कुठून तरी सायकलच्या ट्यूबचा गोंद आणून बसवलं. आता राहिलंय का पडलं, माहीत नाही."

ताईंनी पिशवी उघडली, डावा बूट काढला आणि ज्युलीबाईंच्या हातात दिला. "आत हात घाला. टाचेपाशी."

ज्युलीबाईंनी हात घातला. बोटांनी चाचपलं. मग बूट उजेडाकडे नेऊन आत पाहिलं. काळपट झालेल्या अस्तरावर लालसर चामड्याचा एक लहान तुकडा होता, कडेने पिवळट वाळलेल्या गोंदाचा.

"त्याच्या टाचेला कधी घट्टा नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "पाय मऊ, अरुंद होते त्याचे. दुसरं बोट अंगठ्याहून लांब."

मग त्यांनी जेन्सनकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलीत त्याला काहीतरी विचारलं. त्याने मान खाली घातली. एल्रॉयने नंतर मला सांगितलं, ज्युलीबाईंनी विचारलं होतं, "दारात ठेवलेस, तेव्हा हाक का नाय मारलीस रे?"

ज्युलीबाई रडल्या वगैरे नाहीत. त्यांचा चेहरा उलट कठीण झाला. इतकी वर्षं नवऱ्याने आपल्याला हे सांगितलं नाही, याचा राग असावा. दफनाच्या दिवशी आपण जे केलं त्याचंही काही असेल. त्या आत गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. जेन्सनला जावं की थांबावं कळेना. शेवटी एल्रॉयने आतून खुर्ची आणून त्याच्यामागे ठेवली.

कमिटीत पुन्हा वाद झालाच. एका कपाटात दोन नावं कशाला, लोक गोंधळतील, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, मच्याडोने आता नाव लावून घ्यायचा डाव टाकलाय. ताईंनी स्पष्ट सांगितलं की एकाच नावाने बूट ठेवणार असाल तर माझी सही मिळणार नाही. तरी शेवटचा शब्द ज्युलीबाईंचा झाला. त्यांनी कमिटीला कळवलं, बूट द्यायचे तर दोन्ही नावांनी, नाहीतर माझ्या कपाटात परत आणून द्या.

क्लबची खोली उघडली त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. कपाटाशेजारच्या पाटीवर सेबॅस्टियन आणि जेन्सन, दोघांची नावं होती, आणि दोघांनी हे बूट सामन्यांत घातल्याचं ताईंच्या सहीनिशी लिहिलेलं. जेन्सन गर्दीत मागे उभा होता. फादरांनी आशीर्वाद दिल्यावर ज्युलीबाई त्याच्यापाशी गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "जेवून जा." तो जेवायला गेला. आता अधूनमधून त्यांच्या घरी जातो असं एल्रॉय म्हणतो. तो आणि ज्युलीबाई जुनं काही बोलत नाहीत. केळीचा भाव बोलतात, आणि पाण्याचा पंप बिघडला की जेन्सन तो दुरुस्त करून देतो. संध्याकाळी मैदानात मुलींना डाव्या हाताने शॉट कसा टाकायचा ते शिकवतो. स्वतः मात्र अनवाणीच.

ताईंच्या मनातला एक संशय त्या दिवशीही गेला नव्हता. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "नाणं उडवून जेन्सन जिंकला, हे फक्त तोच सांगतो. हरला असेल तर? हरलेला माणूस म्हणेल ना, मी जिंकलो होतो आणि दिले?"

"ताई, पुरे," मी म्हटलं.

"मी पाटीवर ते लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "जेवढं बुटात दिसलं तेवढंच लिहिलं."

माणिकपूरच्या नाक्यावर रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा त्यांनी फोन काढला, एल्रॉयला लावला आणि विचारलं, "तुझ्या मम्मीला माठाची भाजी किती दिवस टिकते ते विचार. मला दोन जुड्या हव्यात. आणि ताज्याच दे म्हणावं. मी बघून घेईन."